उकिरड्यावरची पणती

बलिप्रतिपदेच्या पहाटे उकिरड्यावर पणती ठेवण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री नवी केरसुणी पाटावर बसते, तिला हळदकुंकू वाहतात. आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी घरातला केर जुन्या सुपात भरून, वर जुनी केरसुणी आणि एक पेटती पणती ठेवून, घरची कर्ती बाई तो उकिरड्यावर नेऊन टाकते. इडापिडा जावी आणि बळीचे राज्य यावे, एवढेच तिचे मागणे. शहरात वाढलेल्या मला ही चाल पुस्तकातून ठाऊक होती. प्रत्यक्ष पाहिली ती १९९८ च्या दिवाळीत, मुळशी तालुक्यातल्या सूस गावी.

त्या वर्षी पुण्याच्या पेठेतली दोन खोल्यांची जागा सोडून आम्ही सूसला बिऱ्हाड केले होते. पाषाण मागे टाकून खिंड उतरली, की गाव लागे. आमच्या बैठ्या घराच्या मागच्या अंगाला एक कौलारू घर, दोन म्हशींचा गोठा आणि गोठ्याला लागून उकिरडा. पाडव्याला पहाटे बंब पेटवायला म्हणून मागच्या दाराशी आलो, तो अंधारात एक ज्योत हलताना दिसली. शेजारच्या मावशी सूप घेऊन चालल्या होत्या. सूप रिकामे करून त्या मागे वळून न पाहता परतल्या. पणती मात्र शेणाच्या ढिगावर तेवत राहिली.

दिवस वर आल्यावर फराळाचे ताट देताना मी विचारले, "मावशी, कचऱ्यापुढे दिवा कशाला?"

मावशी माझ्याकडे पाहतच राहिल्या. म्हणाल्या, "त्याच्यावर तर श्यात पिकतंय, मास्तर. देवाम्होरं लावायचा आन् हितं न्हाई, आसं कसं?"

मी शाळेत इतिहास शिकवीत असे. पानिपत शिकवले, सत्तावनचा उठाव शिकवला, तहांची कलमे मुलांकडून घोकून घेतली. पण ज्याच्यावर शेत पिकते, त्या ढिगालाही काही इतिहास असेल, हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. पुढे फावल्या वेळी तो धुंडाळू लागलो. त्यात जे सापडले ते आज, दिवाळीच्याच निमित्ताने, वाचकांपुढे ठेवतो आहे. फराळाच्या पानाशेजारी उकिरड्याची कथा वाढल्याबद्दल कोणी नाक मुरडील, तर त्याने एवढे लक्षात घ्यावे, की चकलीची भाजणी आणि करंजीचे सारण हीदेखील शेवटी तिथूनच उगवली आहेत.

जुन्या घरात खरे म्हणजे 'कचरा' असा नव्हताच. भाजीची देठे, शेंगांच्या साली, कण्या-कोंडा गोठ्यात जाई. चुलीतली राख भांड्यांना, उरलेली परसातल्या वेलांना. मोरीचे पाणी अळू आणि केळी पिऊन टाकीत. यातून जे उरे, ते अंगणातल्या पाल्यासह उकिरड्यावर. उकिरडा भरायला वर्ष लागे. वैशाखात तो फोडून गाडीगाडीने शेतात ओढीत. उकिरड्याचाही पांग बारा वर्षांनी फिटतो, अशी म्हण आहे. तिच्यात दिलासा आहे, तसा त्या ढिगाच्या संथपणाचा अनुभवही असावा.

पण या उकिरड्याची फार थोरवी गाण्याचे कारण नाही. उघड्यावर पडलेल्या ढिगाचे सत्त्व अर्धे उन्हाने उडे, उरलेले पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्याला मिळे. महात्मा फुल्यांच्या नजरेतून ही गळती सुटली नव्हती. १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये, डोंगरावरचा कुजलेला पाला, गवत, मेलेले किडेमुंगी यांचे सत्त्व पावसात वाहून नदीनाल्यांना जाते, ते शेतात मुरावे म्हणून सरकारने ताली-बंधारे घालावेत आणि त्या कामी लष्करातले रिकामे शिपाई लावावेत, अशी सूचना ते करतात. खताचा प्रश्न पाण्याच्या प्रश्नाला असा जोडून पाहणारा माणूस त्या काळी विरळाच. याच सुमारास जंगलखात्याने रानात कुंपणे घातली. सरपण मिळेना, म्हणून शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जाऊ लागल्या. विलायतेहून डॉक्टर व्होल्कर नावाचे रसायनशास्त्रज्ञ १८८९ साली हिंदुस्थानची शेती पाहायला आले. त्यांच्या अहवालात, जो १८९३ साली छापला गेला, हेच म्हटले आहे: शेतकरी अडाणी आहे म्हणून शेण जाळीत नाही, त्याला लाकूड मिळत नाही म्हणून जाळतो.

आमच्या मुळशीच्या पश्चिम भागात, जिथे भात पिकते, तिथे हा वाद आणखी तापलेला. भाताच्या रोपासाठी जमिनीवर शेण, डहाळ्या, गवत आणि माती यांचे थर देऊन ते भाजायचे, याला राब म्हणतात. राबासाठी झाडे छाटली की जंगलखाते डोळे वटारी. न छाटली तर रोप जोमाचे येईना. काडीकचरा जाळून सत्त्व मिळवावे की कुजवून, हा प्रश्न अशा रीतीने आपल्या मावळात शंभर वर्षांपूर्वीच उभा होता.

त्याचे उत्तर मिळाले ते इंदूरला. होळकरांचे इंदूर मराठी माणसाला परके नव्हे. म्हणून ही हकीगत मी जरा सावकाश सांगणार आहे.

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारात पुसा येथे सरकारी नोकरीवर आले. शिकवायला म्हणून आले आणि शिकू लागले. इथला शेतकरी आणि पिकावरची कीड हे आपले दोन गुरू, असे ते पुढे उघड म्हणत. त्यांची पत्नी गॅब्रिएल स्वतः नामांकित शास्त्रज्ञ. काम दोघांचे मिळून चाले. १९२४ साली इंदुरास होळकर दरबारने दिलेल्या जमिनीवर एक वनस्पतिसंशोधन संस्था निघाली, आणि हॉवर्ड तिचे संचालक झाले. तिथे रसायनशास्त्राच्या कामाला त्यांना जोडीदार मिळाले ते यशवंत वाड.

या संस्थेत काय चाले? बाहेरून पाहणाऱ्याला वाटले असते, की हे लोक उकिरडेच उकरतात! कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरकाट्या लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या शेतातल्या रस्त्यावर अंथरीत, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा आपोआप भुगा होई. तो भुगा बैलांच्या पायांखाली बिछाना म्हणून जाई. मग ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल अशा खड्ड्यात त्याचे थर पडत: काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती, लाकडाची राख, आणि आधीच्या खड्ड्यातले थोडे अर्धेकच्चे खत. हे शेवटचे म्हणजे आपले विरजणच. थर दडपायचे नाहीत, भुसभुशीत ठेवायचे. वरून पाणी शिंपडायचे. दोन दिवसांत खड्डा तापतो. उष्णता ६५ अंशांच्या घरात जाते, हात घालवत नाही. तीन महिन्यांत तीनदा वरखाली केले, की काळेभोर, मातीसारख्या वासाचे खत तयार. वर्षाचे काम तीन महिन्यांवर आले.

यात नवे ते काय, असे कोणी म्हणेल. शेण, राख, पाला हे सगळे शेतकऱ्याला ठाऊकच होते. चीनमधले शेतकरी तर हजारो वर्षे असे खत करीत आले, आणि त्यांच्याविषयीचे एका अमेरिकन प्राध्यापकाचे पुस्तक हॉवर्डांनी बारकाईने वाचले होते. नवी होती ती मापे. कुजवणारे जीव डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांना जेवण लागते, पाणी लागते आणि श्वास लागतो. जेवणात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण तीसास एक असावे. वाळका पाला, काड्या, भुसा यांत कर्ब फार. शेणात, हिरव्या भाजीत, उष्ट्यात नत्र अधिक. नुसता पाला ठेवला तर वर्षभर पडून राहील. नुसते ओले ठेवले तर हवा कोंडून घाण सुटेल. दोन्ही मिसळा आणि मधे हवा खेळू द्या. सगळी विद्या एवढीच.

गॅब्रिएल १९३० साली वारल्या. पुढच्याच वर्षी हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावाने शेतीतल्या टाकाऊ मालाचे खत करण्याविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि हॉवर्ड मायदेशी परतले. त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून जगभर नाव झाले. वाडांचे नाव मात्र पुस्तकाच्या शीर्षकपानावरच राहिले. मराठीत शेतीवर इतके लिहिले जाते, पण या माणसाविषयी चार ओळी सापडायला मला मारामार पडली. त्यांनी हॉवर्डांच्या माघारीही हे काम सोडले नव्हते. संस्थेचे पुढचे संचालक जॅक्सन यांच्याबरोबर त्यांनी १९३४ साली एक निबंध लिहिला. त्याचा विषय होता वस्तीतली घाण आणि केरकचरा याच रीतीने निरुपद्रवी करून शेताला कसा द्यावा. शेतातला खड्डा घरादारांपर्यंत आला तो इथे. गांधीजी १९३५ च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले तेव्हा हे खड्डे मुद्दाम पाहून गेले, आणि त्याच वर्षी 'हरिजन' मधून या पद्धतीची माहिती देशभर गेली.

गांधीजींचे नाव आले, तेव्हा एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. उकिरड्याचा इतिहास हा हातांचाही इतिहास आहे. गावातली घाण कोणी उपसायची, मेलेले ढोर कोणी ओढायचे, हे आपल्या समाजाने जातीवर ठरवून टाकले होते. खत सर्वांच्या शेताला, आणि घाण एकाच्या डोक्यावर! १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम आपल्याला करू द्यावे अशी मागणी केली. 'उच्चवर्णीय' कैद्याला ते काम देता येत नाही, असा तुरुंगाचा नियम. अप्पासाहेबांनी अन्न सोडले. इकडे येरवड्यास गांधीजींनी त्यांच्यासाठी उपवास आरंभला. झाडू हाती मिळावा म्हणून उपाशी राहणारा माणूस जगाच्या इतिहासात दुसरा असेल, असे मला वाटत नाही. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे सोनखत करण्याचे साधे, स्वच्छ प्रकार बसवले आणि स्वतःच्या हातांनी ते काम केले. खत करण्याची कृती पुष्कळांनी सांगितली. ती कोणी करावी हे अप्पासाहेबांनी दाखवले.

विदर्भातले पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे हेही याच परंपरेतले. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच 'नाडेप' हे नाव पडले. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असे विटांचे टाके, आणि भिंतींत जागोजाग भोके. शेण अगदी थोडे, शंभर किलोच्या आत. बाकी काडीकचरा आणि माती. वरखाली करण्याची दगदग नाही, कारण हवा भोकांतून आत येते. तीन-चार महिन्यांत टाके तयार. ज्याच्या गोठ्यात एकच जनावर उरले आहे त्याला हे परवडणारे. गुरे कमी होत जाण्याच्या काळात हे टाके महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत गेले, हा योगायोग नव्हे.

शहराची कथा निराळी. एके काळी पुणेसुद्धा आपली घाण शेतीला देत असे. खडकवासल्याचे धरण झाले, मुठेच्या कालव्यावर ऊस उभा राहिला, तसे पुण्याच्या नगरपालिकेचे सोनखत शेतकरी विकत नेऊ लागले. मग कारखान्यातली खते आली, १९५१ साली सिंद्रीचा मोठा कारखाना निघाला, आणि कचऱ्यात काच, पत्रा, पुढे प्लॅस्टिक मिसळले. असला कचरा कोणता शेतकरी घेणार? तो गावाबाहेर नेऊन ओतणे एवढेच उरले. पुण्याच्या बाबतीत गावाबाहेर म्हणजे दुसऱ्याच्या गावात. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी तो वर्षानुवर्षे सोसला. जे त्यातून निवडून काढण्याजोगे होते ते वेचणाऱ्या बायका काढीत. त्यांची कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली, आणि पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघून त्याच बायका दारोदार कचरा घेऊ लागल्या. ओला आणि सुका वेगळा द्या, हे पुणेकरांना कायद्याच्या आधी त्यांनी सांगितले. कायद्याने ते पक्के केले २०१६ साली.

आणि मग हा प्रश्न आमच्या दाराशी आला. बाणेर-सूस रस्त्यालगत महापालिकेचा ओला कचरा जिरवण्याचा प्रकल्प आहे. दुर्गंधी येते म्हणून परिसरातले रहिवासी न्यायाकडे गेले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२० मध्ये प्रकल्प बंद करून हलवण्याचा हुकूम दिला. महापालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये तो हुकूम रद्द झाला. हा प्रकल्प बंद केला, तर पश्चिम भागातला ओला कचरा सारे शहर ओलांडून हडपसरकडे न्यावा लागेल आणि वाटेवरच्या सगळ्यांनाच त्रास होईल, असा विचार न्यायालयाने केला. 'नीरी' या संस्थेने वर्षातून दोनदा तपासणी करावी, भोवती दाट झाडी लावावी, असेही सांगितले. या दरम्यान, २०२१ च्या जूनअखेरीस, सूस गावच पुणे महापालिकेत गेले होते. म्हणजे कचरा टाकणारे शहर आणि तो ज्याच्या दारात येतो ते गाव, अशी दोन माणसे उरलीच नाहीत! मी कोणत्या बाजूचा, हे वाचकांनी विचारू नये. वास कुणालाही नको, हे खरे. आणि खटला चालू होता त्या प्रत्येक सकाळी माझ्या घरची भरलेली बादली जिना उतरत होती, हेही खरे.

आमच्या बैठ्या घराच्या जागी तोवर इमारत झाली होती. मावशींची म्हशींची जागाही तिच्यातच गेली. त्या आता आमच्या वर, तिसऱ्या मजल्यावर मुलाकडे राहतात. मी सेवानिवृत्त. इतका इतिहास वाचल्यावर आपणही काही करावे म्हणून इमारतीमागच्या मोकळ्या जागेत दोन पिंपे आणली, भोके पाडून घेतली, आणि चार घरांच्या बादल्या त्यांत रिकाम्या करू लागलो. महिन्याभरात खाली अशी काही दुर्गंधी सुटली, की सोसायटीच्या सभेत माझा विषय पहिल्या क्रमांकावर आला. सभासदांचे बोलणे ऐकताना मला दिल्लीच्या न्यायालयातली बाजू आठवत होती. पिंपे हलवा! कुठे? कुठेही, इथून हलवा!

मी मान खाली घालून बसलो होतो. सभा संपल्यावर मावशी काठी टेकीत पिंपाशी आल्या. झाकण काढून त्यांनी आत पाहिले, आणि लेकराला रागवावे तसे म्हणाल्या, "मास्तर, निस्तं वलंच भरलंय की. जीव गुदमारला त्याचा. पालापाचोळा कुटं हाय?"

हॉवर्ड आणि वाडांचे पुस्तक मी मावशींना वाचून दाखवले नव्हते, हे सांगायला नकोच. तीसास एक हे प्रमाण मला तोंडपाठ होते, आणि इमारतीतला माळी रोज सकाळी झाडांखालचा पाला पोत्यात भरून बाहेर नेऊन देत होता. मी ती पोती अडवली. पिंप उपसले, पाल्याशी मिसळले, मावशींच्या सांगण्यावरून नांद्याकडच्या एका गोठ्यातून पाटीभर जुने शेणखत आणून विरजण लावले. ओल किती असावी? मूठभर घेऊन दाबावे. हात ओलसर व्हावा, पण थेंब गळू नये. दर ओल्या थरावर त्याच्या दुप्पट पाला. उष्टे अन्न अगदी थोडे, आणि तेही मधोमध पुरून. आठवड्यातून एकदा काठीने ढवळणे. पाचव्या दिवशी पिंप तापले, पंधरवड्यात वास गेला. ज्या सभासदांनी सर्वांत मोठा आवाज केला होता, त्यांची बादली आता सर्वांत आधी येते. महापालिका असल्या खटपटीबद्दल मिळकतकरात थोडी सूटही देते. तिचे कागद मी अजून भरतो आहे.

गेल्या पाडव्याला पहाटे लिफ्टचे दार वाजले. मावशी उतरल्या. हातात प्लॅस्टिकची सुपली, तीत केर, जुनी केरसुणी, वर पणती. रखवालदार धावला: आजी, इथे वाळका पाला आहे, आग लागेल. थोडी बाचाबाची झाली. शेवटी केर आणि केरसुणीच्या काड्या पिंपात गेल्या, आणि पणती शेजारच्या सिमेंटच्या कट्ट्यावर ठेवली गेली. मागे वळून पाहायचे नसते, पण मावशी वळल्या. तयार म्हणून मी बाजूला काढलेल्या पोत्यातले मूठभर खत त्यांनी घेतले, तळहातावर चोळले, नाकाशी नेले.

"आजून पंधरा दिस ठिवा," त्या म्हणाल्या. "देठं मुरली न्हाईत."

मी पोते परत पिंपात ओतले.